एका पुरीखाली पाच गोळ्या

आमच्या लीड्सच्या घरात मिसळणाचे डबे दोन होते. एकात आईची मोहरी, जिरं, हळद, तिखट. दुसऱ्यात बाबांच्या गोळ्या. दुसरा डबाही मुळात आईचाच, पुण्याहून आणलेला, पण झाकणाची कडी तुटली म्हणून तिनं तो कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला आणि संध्याकाळी बाबांनी तो गुपचूप परत घरात आणला. सात वाट्या, सात जातींचा माल, याहून सोयीचं काय असणार, असं त्यांचं म्हणणं. कितीही घासला तरी त्या डब्याचा हिंगाचा वास गेला नाही. त्यामुळे आजही कुठे हिंगाची फोडणी बसली की मला आधी बंदुकीची दारू आठवते आणि मग आमटी. माझी मुलगी म्हणते, आई, तू वियर्ड आहेस. असेन.

बंदूक ठासणीची होती. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वरून गोळी ढकलायची, गजानं तळापर्यंत ठासायची, मागे टिकलीएवढी केप बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाबांचे वडील चंद्रपूरकडे जंगलाची कंत्राटं घेत, त्यांच्याकडे अशी एक जुनी बंदूक होती, आणि तिच्या आठवणीनं बाबांनी इथे येऊन नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं, लायसन्स काढलं, जिन्याखाली लोखंडी कपाट बसवून घेतलं. सुरुवातीला एक साधीच जुन्या घाटाची होती. ती गोल गोळी मारायची आणि गोळीभोवती गुंडाळायला आईच्या विरलेल्या सुती साड्यांचे तुकडे लागायचे. मग ती विकून त्यांनी नवी घेतली, अमेरिकन घडणीची, शिकारीसाठी बनवलेली. आता इंग्लंडात कोण तिनं हरणं मारतंय! बंदूक शिकारीची आणि शिकार पुठ्ठ्यावरच्या काळ्या वर्तुळाची. आई म्हणायची, "निदान खाता तरी आलं असतं काही."

या नव्या बंदुकीला साडीचा तुकडा चालेना. तिच्या नळीतले पीळ, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, वेगळे, तिला लांबट गोळी हवी, आणि ती गोळी नळीपेक्षा बारीक. मधली फट भरायला गोळीला प्लास्टिकची एक चिमुकली वाटी घालतात, चार पाकळ्यांची. बार झाला की पाकळ्या उघडतात, वाटी थोड्या अंतरावर गळून पडते आणि गोळी एकटी पुढे जाते. क्लबात तिला सेबो म्हणत. आई तिला कुंची म्हणायची, कारण गोळी आत बसवली की ती खरोखरच कुंचीत गुंडाळलेल्या तान्ह्या बाळासारखी दिसे. आणि गंमत अशी की कुठल्या गोळीला कुठली कुंची बसेल याचा काही नेम नाही. कुंची घट्ट झाली तर गज हातोडीनं ठोकावा लागतो आणि गोळीचं नाक चेपतं. सैल झाली तर आगीचा झोत कडेनं निसटतो, पाकळ्या फाटतात आणि गोळी भरकटते. एकाच मापाच्या दोन बंदुकांनाही तीच जोडी मानवेल असं नाही. म्हणून एकेक जोडी घालून, मारून, कागद बघून ठरवायचं. "मुलगी सतरा वर्षांची झाली," आई शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "तिची पत्रिका जुळवायची सोडून हे गोळ्यांच्या जुळवताहेत. किती गुण जुळले हो आज?"

"अठरा," बाबा आतून ओरडायचे. "नाडीदोष आहे!"

हे असं हसणं आमच्या घरात होतं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे ते फारसं येणार नाही.

बाबा डोळ्यांचे सर्जन होते. मोठ्या हॉस्पिटलात मोतीबिंदूची लिस्ट करायचे, म्हणजे एका दिवसात ओळीनं ऑपरेशनं. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं बुब्बुळाच्या कडेला टाके घालायचे. घरात त्याचा एकच पुरावा आम्हाला दिसे: आई शिवणाला बसली की सुई आणि दोरा बाबांकडे जायचा आणि ते पेपरवरची नजर जेमतेम उचलून, पहिल्या फटक्यात, दोरा ओवून परत करायचे. लग्न झाल्यापासून आईनं स्वतः सुई ओवली नव्हती. आणि एके रविवारी बाबांनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, दोरा ओठांत ओला केला, पुन्हा केला. दोऱ्याचं टोक सुईच्या नाकासमोर नुसतं इकडेतिकडे होत राहिलं. मी समोर बसून टोस्ट खात होते. आईनं त्यांच्या हातातून सुई काढून घेतली आणि म्हणाली, "दोराच मेला भिकार आहे. मार्केटातल्या त्या बाईनं फसवलं मला."

इथून सगळं सुरू झालं म्हणायला हरकत नाही. पुढे कपाचा कान बारीक निघाला, पेन घसरायला लागलं, दाढीच्या ब्लेडची क्वालिटी उतरली. आमच्या घरात माणसाला कधी काही होत नसे. जे व्हायचं ते वस्तूंना. चहा बशीत सांडला की आई कपावर डाफरायची. माझा संताप व्हायचा, पण बोलायची टाप नव्हती. मोठ्या माणसाच्या व्यंगाकडे बोट दाखवायचं नाही, हे मी मराठी अक्षरं शिकायच्या आधी शिकले होते. आता माझी पन्नाशी कधीच उलटली, एडिनबरात राहते. परवा मुलीनं कॉफीचा मग पुढे केला तो मी दोन्ही हातांनी धरला. तिनं नीट पाहिलं आणि तिथल्या तिथे म्हणाली, "आई, यू शुड गेट दॅट चेक्ड." किती सोपं वाक्य आहे! आमच्या त्या घरात कुणाच्या तोंडून ते निघालं असतं तर, असं वाटतं खरं. पण निघून काय होणार होतं, तेही मला कळत नाही. हात तर थरथरतच राहिला असता.

बाबा मूर्ख नव्हते. हॉस्पिटलात त्यांनी आपणहून सांगितलं की खांदा धरलाय, नवं वर्ष लागेपर्यंत मी ऑपरेशन थिएटरला येत नाही, नुसती ओपीडी बघतो. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. पण पेशंटच्या डोळ्याशी त्यांनी खेळ केला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. आणि मग एका रात्री जेवताना, आई पुऱ्या तळत असताना, त्यांनी ताटातली एक पुरी उचलून आम्हाला दाखवली. "पन्नास यार्डांवरून पाच गोळ्या या पुरीखाली झाकल्या गेल्या पाहिजेत. उभं राहून, हातावर धरून. ज्या दिवशी गेल्या, त्या दिवशी मी हॉस्पिटलला फोन करून जानेवारीची लिस्ट मागतो."

"आणि नाही गेल्या तर?" मी विचारलं.

"काऊन जाणार नाहीत?" बाबा म्हणाले. चिडले की त्यांच्या तोंडी चंद्रपूर यायचं. "बंदुकीला अजून तिची गोळी सापडली नाही, एवढंच."

आईनं झारा कढईवर आपटला. "आधी गरम आहे तोवर खा ती. परीक्षा मग घ्या."

तर अशी ती परीक्षा होती. त्या दिवसांत मी गाडी शिकत होते, म्हणून शनिवारी सकाळी शिकाऊची एल-प्लेट लावून मीच गाडी चालवायची आणि बाबांनी शेजारी बसायचं. प्रॅक्टिस होते तुझी, असं ते म्हणत. त्यांनी स्वतः स्टिअरिंग का सोडलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. क्लब म्हणजे शहराबाहेर मूरच्या, म्हणजे उजाड माळाच्या, कडेला एक बंद पडलेली दगडाची खाण, एका टोकाला मातीचा बांध, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड, शेडमध्ये किटली, मोडकी खुर्ची आणि ओल्या कुत्र्याचा वास. कुत्रा डेरेकचा. डेरेक सत्तरी ओलांडलेला, लाल गालांचा, रिटायर्ड ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर, त्यामुळे मी गाडी लावत असताना तो हमखास दारात येऊन उभा राहायचा आणि डोळे झाकून घ्यायचा. "नाऊ देन, डॉक्टर," म्हणायचा, "अजून जिवंत आहात?" बाबांनीच त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि त्यातून ही दोस्ती झाली होती. पुरीची गोष्ट बाबांनी त्याला सांगितली होती, पण निम्मीच. पाच गोळ्या एका पुरीत मारायच्या, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यावर काय अवलंबून होतं, ते नव्हतं. आईनं एकदा डब्यात त्याच्यासाठी पुरी-भाजी दिली तेव्हा त्यानं एक पुरी टार्गेटवर धरून पाहिली, मग खाल्ली, आणि त्या दिवसापासून त्या खाणीत चांगल्या नेमाला सगळे म्हातारे "पुरी" म्हणायला लागले.

आमची कामं वाटलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र अंथरून मी बाबांच्या जुन्या चिमट्यानं एकेक गोळी काट्यावर ठेवायची. वजनात जी सारखी ती एका वाटीत, जी हलकी ती बाजूला. स्टीलच्या वाटीत गोळी पडली की टिण्ण व्हायचं, आणि आत आईच्या कढईत मोहरी तडतडायची. मग कुंच्या. काळ्या, हिरव्या, पिवळ्या, पाकीटागणिक वेगळ्या. बाबा गोळी कुंचीत बसवून ती बोटांनी फिरवून बघायचे. बोटं थरथरायची आणि कुंचीच्या पाकळ्याही बारीकशा थरथरायच्या. "ही सैल आहे," ते म्हणायचे. मी घेऊन बघितली की ती मुळीच सैल नसायची. मी म्हणायचे, "हो, जराशी." खाणीत मी दारू मोजून ओतायची, ते गज मारायचे. गज आत जाताना प्लास्टिकचा कुईं असा आवाज यायचा, तो कुठल्या सुरात आला त्यावरून ते मान डोलवायचे नाहीतर तोंड वाकडं करायचे. मग धाड! पांढरा धूर, नासक्या अंड्याचा वास, आणि समोरच्या कागदावर काळ्या वर्तुळापासून कुठेतरी लांब एक भोक.

सगळ्यांची फेरी संपून बंदुका खाली ठेवल्या की बाबा आधी टार्गेटकडे जात नसत. गवतात वाकून आपल्या उडालेल्या कुंच्या शोधायचे. त्यांचा चेहरा तेव्हा ओपीडीत डोळा बघतानासारखा व्हायचा. पाकळ्या फाटल्या असल्या, बूड वितळलं असलं, की खुशीत येऊन मला दाखवायचे, "बघ, बघ! म्हटलं नव्हतं? जोडी चुकली." फाटलेली कुंची म्हणजे त्यांचा हात निर्दोष सुटला. पण आठवडे गेले तशा कुंच्या चांगल्या यायला लागल्या. मग एका शनिवारी त्या पाचही अशा सापडल्या, की चारही पाकळ्या फुलासारख्या सारख्या उमललेल्या, कुठे चीर नाही की डाग नाही. बाबांनी त्या तळहातावर घेऊन एकेक करून उलटसुलट पाहिल्या. टार्गेटवरची भोकं एका पुरीत काय, आईच्या परातीतही मावली नसती. डेरेक म्हणाला, "डॉक्टर, एकदा बेंचवर टेकवून मारा ना. वाळूच्या पिशवीवर ठेवा. म्हणजे दारू-गोळीचा लोड कसा आहे ते लगेच कळेल."

"ऑपरेशन करताना माझ्या हाताखाली कोण वाळूची पिशवी धरतं?" बाबा फटकन म्हणाले. डेरेकला यात काय चुकलं ते कळलं नाही. मला कळलं. बेंचवर बंदूक खरं बोलली असती.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड, त्यावर आईची विळी, शिवणाचं मशीन, बाबांचा पहिल्या नोकरीतला फोर्सेप, आणि मधोमध ती बंदूक, झेंडू मिळत नाही म्हणून सुपरमार्केटातली शेवंती वाहिलेली. बंदूक बाबांनी स्वतः कपाटातून काढली, पूजा होईपर्यंत शेजारी बसून राहिले आणि स्वतः परत ठेवली. आईनं दस्त्यावर हळदकुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. मी घंटा वाजवत होते. नळीच्या तोंडावर बाबांनी अंगठा धरून ठेवला होता, आत काही जाऊ नये म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यानंतरचा शनिवार सगळ्यांत वाईट गेला. त्याच जोडीनं, त्या फुलासारख्या कुंच्यांनी, पाचांतल्या दोन गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. घरी आल्यावर बाबा ओव्हरकोट न काढता किचनमधल्या खुर्चीवर बसले. आई पोळ्या लाटत होती. "संपलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. "आता बदलायला काहीच उरलं नाही. दारू तीच, गोळी तीच, कुंची बरोबर. आता उरलो मी."

आईचं लाटणं थांबलं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, जे ती कधी करत नसे, आणि अगदी रागानं म्हणाली, "तेल लावलं होतं मी."

"काय?"

"तेल, तेल! खंडेनवमीला. विळीला लावते तसं तुमच्या त्या नळीच्या तोंडातही बोट फिरवलं. चांगलं तिळाचं. तुम्ही शेवंती घ्यायला उठला होतात. मला काय ठाऊक तिला चालत नाही ते? देवाच्या कामात तेल नको म्हणणारी ही कुठली आलीय साहेबीण!"

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा बदलला की मला बघवेना. "तेल?" ते म्हणाले. "अगं वेडे, प्लास्टिकच्या कुंचीला नळी कोरडी लागते! ठणठणीत कोरडी! तेल असलं की ती घसरते, पीळ पकडतच नाही... तेल!" आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आईच्या पाठीवर थाप मारली. "माझा प्राण घेतलास आज तू. तेल म्हणे!"

मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझं तोंड उघडलंच नाही. आधीच्या इतक्या शनिवारी तेल कुठे होतं, हे विचारायची हुशारी बाबांकडे होती, माझ्याहून कितीतरी जास्त होती. त्यांनी ती वापरली नाही.

तो पुढचा आठवडा आमच्या घरातला शेवटचा आनंदाचा आठवडा. बाबांनी नळी उकळत्या पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं धुतली, गजाला आईच्या साडीचे तुकडे लावून आत फिरवले, पांढरा तुकडा पांढराच बाहेर येईपर्यंत फिरवले. सकाळी दाढी करताना शीळ घातली. गाल कापला, तरी घातली. मला म्हणाले, जानेवारीत तुला थिएटर दाखवायला नेतो, परवानगी काढतो, कशी लिस्ट चालते ते बघ एकदा. आईनं दिवाळी यायच्या आधीच चकलीची भाजणी दळून घेतली. ती दिवसभर बडबडायची, गाणी म्हणायची, आणि बाबा कामावर गेले की सिंकपाशी नुसती उभी राहायची, नळ चालू ठेवून. मी तिला म्हटलं, "आई, तू तेल लावलं नव्हतंस." ती म्हणाली, "तुला काय माहीत? तू घंटा बडवत होतीस."

शनिवारी तिनं पुऱ्या करून दिल्या.

ऊन पडलं होतं, वारा नव्हता. खाणीत दुसरं कुणी आलेलं नव्हतं, फक्त डेरेक आणि त्याचा कुत्रा. बाबांनी नळीत शेवटचा कोरडा तुकडा फिरवून डेरेकला दाखवला आणि तेलाची गोष्ट रंगवून सांगितली. डेरेक पोट धरून हसला. मी दारू मोजून ओतली. गज एका सुरात आत गेला. बाबांनी पाय रोवले, श्वास सोडला, बंदूक खांद्याला लावली आणि नळीचं टोक हवेत डोलायला लागलं. फार नाही. एवढंसंच. पण ते एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. धाड. पुन्हा दारू, पुन्हा गज. धाड. असे पाच बार. डेरेकनं दुर्बिणीतून टार्गेट पाहिलं आणि दुर्बीण हळूच खाली ठेवली. बाबा गवतात गेले, कुंच्या गोळा करून आणल्या. पाच सुंदर कुंच्या. सगळ्या उमललेल्या.

"मी एकदा मारून बघू का, डॉक्टर?" डेरेक म्हणाला. मनानं इतका सरळ माणूस. त्याला खरोखर मदत करायची होती. "कदाचित नेम धरायचं साइट हललं असेल. दुसऱ्या कुणी मारलं की कळतं."

"बाबा, आपण जाऊया," मी मराठीत म्हणाले. "उशीर झालाय. आई वाट बघत असेल. बाबा, प्लीज."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कळलेलं आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. "मारू दे त्याला," ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं बंदूक डेरेकच्या हातात दिली. नवा कागद लावायला ते स्वतः चालत गेले. मग माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, हात कोटाच्या खिशात घालून.

डेरेक म्हातारा माणूस, त्याचा गुडघा दुखायचा, एका पायावर जास्त भार देऊन उभा राहायचा. आमच्याच डब्यातल्या गोळ्या, आमच्याच कुंच्या, मीच ओतलेली दारू. पाच बार झाले. बंदूक बाकावर ठेवून तो लंगडत टार्गेटपाशी गेला, आणि तिथूनच वळून, दोन्ही हात वर करून, सगळ्या खाणीत घुमेल असा ओरडला.

"पुरी! डॉक्टर, इट्स अ पुरी!"

कागद घेऊन तो जवळजवळ धावत आला. गाल आणखी लाल झालेले. पाच भोकं एकमेकांना चिकटलेली. पुरी राहू दे, आईच्या पाणीपुरीच्या पुरीखालीही झाकली गेली असती. "नथिंग राँग विथ युअर लोड," तो म्हणत होता. "परफेक्ट आहे! जमली तुमची जोडी! एवढी वर्षं मारतोय, असा ग्रूप मला कधी पडला नाही." आणि मग उजव्या डोळ्यावर बोट ठेवून, अगदी कृतज्ञतेनं, "अँड दॅट्स युअर आय, डॉक्टर. हा डोळा तुम्हीच दिलाय मला."

त्या म्हाताऱ्याचा मला तेव्हा इतका राग आला की त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. अजून येतो. त्याची काही चूक नव्हती हे मला पक्कं माहीत आहे, तरी येतो. बाबांनी त्याच्याशी हात मिळवला. "थँक यू, डेरेक," म्हणाले. "व्हेरी काइंड." कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पुऱ्यांचा डबा त्यांनी त्यालाच देऊन टाकला.

परतीच्या वाटेवर मी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गाडी घातली. घराच्या गल्लीत शिरताना म्हणाले, "जोडी जमली पण, नाही का?" मी हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि समोरचं नीट दिसत नव्हतं. "हळू घे," ते म्हणाले. "डावीकडे सायकल आहे."

सोमवारी त्यांनी हॉस्पिटलात जाऊन खरं काय ते सांगितलं. खांद्याचं नाही, हाताचं. पुढे तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांनी झोप आली, बाकी काही झालं नाही. काही दिवस ओपीडी केली, मग तीही सोडली. इतर डॉक्टरांनी काढलेले मोतीबिंदू बघून "छान झालंय" म्हणत बसणं त्यांना जमलं नाही. बंदूक विकणाऱ्याकडे परत गेली. जिन्याखालचं कपाट राहिलं, त्यात आई कांदे-बटाटे ठेवायला लागली. बाबा पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे. त्यांना पुस्तक धरता येईना, पेपर धरला की त्याचा आवाज व्हायचा, म्हणून तो वाचणंही त्यांनी बंद केलं. पुष्कळ वर्षं जगले. त्या वर्षांबद्दल मला काही लिहायचं नाही, कारण त्यांत काही घडलं नाही.

पण त्या शनिवारची दुपार लिहायची राहिली. आम्ही आत आलो तेव्हा आईनं दारातच विचारलं, "काय हो, झालं का?" बाबांनी खिशातून कागद काढून टेबलावर उलगडला. आईचा चेहरा उजळला, हात जोडले गेले तिचे. "डेरेकनं मारल्यात," बाबा म्हणाले. "माझा कागद तिथेच राहिला." आई त्या पाच भोकांकडे बघत राहिली. मग बाबा अगदी हळू, तिला दुखू नये अशा आवाजात म्हणाले, "तू तेल लावलं नव्हतंस ना गं?"

"लावलं होतं," आई म्हणाली. "तुम्ही नळी नीट पुसली नसेल."

"पुसली होती."

"मग डेरेकच्या वेळेला आपोआप सुकली असेल. मी लावलं होतं म्हणजे लावलं होतं. माझ्या हातांनी लावलं होतं." ती रडत होती आणि भांडत होती. त्यानंतरही आयुष्यभर तिनं ते कबूल केलं नाही. बाबांच्या तेराव्यानंतर मी पुन्हा विचारलं, तेव्हाही म्हणाली, लावलं होतं.

मग तिनं नाक पुसलं, चहा टाकला, आलं ठेचलं. आमच्याकडे चहा काठोकाठ भरायची पद्धत. कमी भरलेला कप परक्याला देतात, असं ती म्हणायची. तिनं माझा कप काठोकाठ भरला, स्वतःचा भरला. बाबांच्या कपात ओतताना तिचा हात मध्येच थांबला. कप अर्धाच भरला होता. तिनं भांडं खाली ठेवलं आणि कप त्यांच्यापुढे सरकवला, कपाला, चहाला, दुधाला, कशालाही नावं न ठेवता.

बाबांनी कपात पाहिलं. दोन्ही हातांनी उचलला. काही सांडलं नाही.

"हं," ते म्हणाले. "एवढाच देत जा."